‘गाय’ आणि मंडळी

मोठ्या शब्दांची विचारपूस करणारे लोक पुष्कळ असतात. ‘संस्कृति’, ‘राष्ट्र’, ‘स्वातंत्र्य’ असला एखादा शब्द दारांत आला कीं, विद्वान् गृहस्थ लगबगीनें उठून त्याला पाट मांडतात, त्याचें गोत्र विचारतात आणि त्याच्यावर दोन-तीनशें पानांचा ग्रंथही लिहितात. परंतु परसदारानें येऊन, पाय धुण्याचीही तसदी न घेतां, थेट माजघरांत पथारी पसरणाऱ्या शब्दांकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. त्यांना कोणी बोलावलेलें नसतें. त्यामुळें त्यांना ‘या’ म्हणावें लागत नाहीं आणि ‘जा’ म्हणण्याचा अधिकारही कोणाला राहत नाहीं. असाच एक इंग्रजी शब्द गेल्या कांहीं वर्षांत आपल्या घरांत येऊन बसला आहे. आज त्याचीच थोडी चौकशी करावी असें मनांत आहे.

हा शब्द नागरी लिपींत लिहावयाचा म्हणजे ‘गाय’ असा लिहावा लागतो, आणि तेथेंच पहिली पंचाईत होते. आपल्याकडे गाय म्हणजे गरिबीची परिसीमा. सासरीं मुकाट्यानें नांदणाऱ्या सुनेला आपण ‘गरीब गाय’ म्हणतों. इंग्रजांचा हा ‘गाय’ मात्र जन्मानें पुरुष आहे, आणि त्याच्या जन्मकथेंत बंदुकीच्या दारूचीं छत्तीस पिपें आहेत! पुढील मजकुरांत अवतरणचिन्हांतला ‘गाय’ आणि गोठ्यांतली गाय यांची गल्लत वाचकांनीं होऊं देऊं नये, एवढीच विनंति.

कोशांत पाहिलें तर या नामाचा अर्थ एका ओळींत आटोपतो. ‘पुरुष, इसम, गडी’ एवढें सांगून कोशकार त्यावर ‘अनौपचारिक’ अशी चिठ्ठी डकवितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. व्यवहारांत मात्र या शब्दाचा संसार मोठा आहे. ‘बॅड गाय’ म्हणजे गोष्टींतला खलपुरुष. ‘टफ गाय’ म्हणजे कोणाला न जुमानणारा दणकट माणूस. ‘वाइज गाय’ हा नांवानें शहाणा, पण प्रत्यक्षांत दीडशहाणा. आणि दुसऱ्याचें पाप ज्याच्या माथीं मारावयाचें, तो बिचारा ‘फॉल गाय’. ‘या कामासाठीं माझा एक गाय आहे’ असें एखादा अमेरिकन म्हणाला, तर नळ दुरुस्त करणारा किंवा मोटारीचें काम स्वस्तांत करून देणारा कोणी त्याच्या ओळखीचा आहे असें समजावें. तेथें आपण ‘आपला माणूस आहे’ म्हणतों, आणि त्या ‘आपला’ शब्दांत जो भरंवसा असतो तोच त्या ‘गाय’मध्यें असतो.

आपल्या घरांत शिरलें आहे तें या शब्दाचें अनेकवचन. ‘हाय गाइज’ हे दोन शब्द महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर, कचेरींत, उपाहारगृहांत, मोबाइलवरच्या चित्रफितींत सर्वत्र ऐकूं येतात. परवां आमच्याच कुटुंबाच्या मोबाइल-समूहांत माझ्या भाचीनें ‘गाइज, केळवण रविवारीं आहे’ असें लिहिलें. त्या ‘गाइज’मध्यें माझे दोन मेहुणे होते, माझी पत्नी होती, एक दहा वर्षांचा नातू होता आणि ब्याऐंशी वर्षांच्या मावशीही होत्या. मावशींनीं त्यावर हात जोडल्याचें चित्र पाठविलें. त्यांना या शब्दांत आपला समावेश झाला असें वाटलें, कीं केळवणाचें आमंत्रण तेवढें समजलें, हें मला विचारतां आलें नाहीं.

आतां या शब्दाचें कुळ पाहूं. ‘गाय’ हें मूळचें एका हाडामांसाच्या माणसाचें नांव आहे. गाय फॉक्स हा इंग्लंडांतील यॉर्क येथें १५७० सालीं जन्मला. पुढें त्यानें कॅथॉलिक पंथ स्वीकारला आणि स्पेनच्या सैन्यांत भरती होऊन नेदर्लंडमध्यें लढाया केल्या. तेथें तो स्वतःस ‘ग्विदो’ म्हणवूं लागला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिकांचा छळ होत असे. राजा पहिला जेम्स याच्या कारकीर्दींत तो थांबेल ही आशा फोल ठरल्यावर कांहीं कॅथॉलिक तरुणांनीं १६०५ सालीं एक भयंकर कट रचला. पार्लमेंट उघडण्याच्या दिवशीं राजा, सरदार आणि सभासद या सर्वांना सभागृहासकट उडवून द्यावयाचें, असा तो बेत होता. कटाचा पुढारी होता रॉबर्ट केट्सबी. दारूला बत्ती लावण्याचें काम मात्र सैन्यांत मुरलेल्या फॉक्सकडे आलें. ‘जॉन जॉन्सन’ असें साधेंसुधें नांव घेऊन तो लॉर्डांच्या सभागृहाखालच्या तळघरांत छत्तीस पिपांवर पहारा करीत राहिला. एका सरदाराला सावधगिरीची सूचना देणारें निनावी पत्र गेलें, झडती झाली, आणि ४ नोव्हेंबरच्या रात्रीं उशिरां तो पकडला गेला. त्याचे हाल करून त्याच्याकडून जबानी घेण्यांत आली. त्या जबानीवरील त्याची सही आजही जपून ठेवलेली आहे. ती इतकी पुसट व कांपरी आहे कीं, हात कोणत्या अवस्थेंत असेल हें सांगावें लागत नाहीं. ३१ जानेवारी १६०६ रोजीं त्याला देहान्त शासन झालें.

पुढारी केट्सबी धरपकडींतच मारला गेला आणि लोकांच्या जिभेवरून पुसलाही गेला. मागें राहिलें तें तळघरांतल्या पहारेकऱ्याचें नांव. पार्लमेंटनें ५ नोव्हेंबर हा दिवस दरवर्षीं ईश्वराचे आभार मानून साजरा करावा असा कायदा केला; तो १८५९ पर्यंत अंमलांत होता. कायदा गेला तरी त्या रात्रीच्या होळ्या राहिल्या. जुन्या कपड्यांत गवत व चिंध्या कोंबून बाहुलें करावयाचें, तें गाडीवर घालून गल्लोगल्लीं फिरवावयाचें, ‘या गायसाठीं एक पेनी द्या’ म्हणून पैसे गोळा करावयाचे आणि रात्रीं तें जाळावयाचें, हा तेथल्या मुलांचा पिढ्यान् पिढ्या आवडता उद्योग झाला. शिमग्याच्या दिवसांत लांकडें व गोवऱ्या मागत, आणि कोणी न दिल्यास पळवीत, फिरणाऱ्या आपल्या मुलांना तो उत्साह सहज समजेल. यॉर्कमधील ज्या शाळेंत फॉक्स शिकला, त्या शाळेंत मात्र हें बाहुलें जाळीत नाहींत. आपला माजी विद्यार्थी कसाही निघाला तरी त्याला आपल्या अंगणांत जाळूं नये, ही शाळेची माया मला एक शिक्षक म्हणून फार आवडते.

यापुढें त्या नांवाचें नाम झालें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ‘गाय’ म्हणजे तें चिंध्यांचें बाहुलें. पुढें बाहुल्यासारखे विचित्र कपडे घातलेला कोणीही माणूस इंग्लंडांत ‘गाय’ ठरूं लागला, आणि तो शब्द शिवीच्या जवळपास वावरत राहिला. याच शतकांत तो अमेरिकेंत रुळला. तेथें या होळीची धग उरली नव्हती. म्हणून शब्दांतला द्वेष गळाला, हसणें गळालें, आणि ‘कोणी एक पुरुष’ एवढाच निरुपद्रवी अर्थ उरला. ज्या नांवाला दोनशें वर्षें जाळलें, तेंच नांव शेजाऱ्याला, मित्राला, नळवाल्याला प्रेमानें देण्यांत येऊं लागलें. आपल्याकडे नारदमुनि भांडणें लावणारा म्हणून आणि कुंभकर्ण झोपाळू म्हणून नाम होऊन बसले आहेत. पण त्यांच्या मूळ कथा आपण विसरलों नाहीं. ‘गाय’ म्हणणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना त्या तळघराची आठवणही नसते. शब्दाला क्षमा झाली ती अशी, विस्मरणानें झाली.

मग या पुरुषवाचक शब्दांत स्त्रिया कशा शिरल्या? डेमन रनियन या अमेरिकन कथाकाराचा १९३१ सालीं निघालेला संग्रह आणि त्याच्या कथांवरून १९५० सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेलें संगीत नाटक, या दोहोंचें नांव ‘गाइज अँड डॉल्स’ असें आहे. गाइज एका बाजूला आणि डॉल्स, म्हणजे बाहुल्या, दुसऱ्या बाजूला, अशी ती स्वच्छ वांटणी होती. १९७१ सालीं मुलांसाठीं सुरू झालेल्या एका अमेरिकन दूरदर्शन-मालिकेंत मात्र ‘यू गाइज’ अशी जी आरोळी गाजली, ती मुलगे व मुली या सर्वांसाठीं होती, आणि ती देणारी एक नटीच होती. चाळीसेक वर्षांत शब्दानें उंबरठा ओलांडला.

याचें एक कारण इंग्रजी व्याकरणाच्या दारिद्र्यांत आहे. पूर्वीं त्या भाषेंत एकाला ‘दाउ’ आणि अनेकांना ‘यी’ अथवा ‘यू’ असा भेद होता. पुढें आदरार्थी म्हणून एकालाही ‘यू’ म्हणूं लागले आणि सतराव्या शतकाअखेर शिष्टांच्या बोलींतून ‘दाउ’ जवळजवळ नाहींसा झाला. सर्व माणसें देवापुढें सारखीं, म्हणून राजालाही ‘दाउ’ म्हणणारे क्वेकर तेवढे हट्टानें तो धरून राहिले. परिणाम असा झाला कीं, ‘यू’ म्हटल्यावर समोरचा एक कीं पन्नास, हें कळेना. ती उणीव लोकांनीं आपापल्या परीनें भरून काढली. अमेरिकेच्या दक्षिण भागांत ‘यॉल’ आला, आयर्लंडांत ‘यूज’ आला, पिट्सबर्ग शहरांत ‘यिन्झ’ नांवाचें एक रत्न निपजलें, आणि उरलेल्या अमेरिकेनें ‘यू गाइज’ पत्करला. भाषेला ज्या वस्तूची निकड असते, ती तिला पंडितांकडून मिळाली नाहीं तर ती रस्त्यावरून उचलून आणते.

एवढें सारें मी वर्गांत एकदां सांगत होतों. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. माझें संपल्यावर मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, ‘‘सर, मग ‘गाइज’मध्यें आम्ही येतों कीं नाहीं?’’ मुलगे हंसले. तिच्या शेजारची म्हणाली, ‘‘येतोंच कीं! मला तर त्यांत कांहींच वाटत नाहीं.’’ पहिलीनें उत्तर दिलें, ‘‘तुला वाटत नाहीं, हें ठीक आहे. मी सरांना शब्दाचा अर्थ विचारतें आहें.’’

प्रश्न शब्दार्थाचा होता, म्हणून मीं फळ्यावर दोन इंग्रजी वाक्यें लिहिलीं. एकाचा अर्थ असा होता: ‘अहो गाइज, आंत या.’ दुसऱ्याचा असा: ‘दारांत एक गाय उभा आहे.’ पहिल्या वाक्यांत कोणाकोणाला आपल्या डोळ्यांपुढें बायकाही दिसल्या, असें विचारल्यावर जवळजवळ सगळे हात वर झाले. दुसऱ्या वाक्यांतल्या दारांत बाई उभी असलेली कोणाला दिसली, असें विचारलें, तेव्हां एकही हात वर आला नाहीं. ‘गाइज’ म्हणणाऱ्या मुलींचेही नाहींत. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. ती मागच्या बांकावरची मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे घोळक्यांत असलों तर आम्ही आहों; एकटीनें दार वाजवलें तर नाहीं.’’ या शब्दाच्या उपयोगाविषयीं इतकें नेमकें वाक्य मीं कोणत्याही कोशांत वाचलेलें नाहीं.

अमेरिकेंतही या प्रश्नावर वाद आहे. कोणी ‘यू गाइज’च्या जागीं ‘फोक्स’ म्हणतात, कोणी दक्षिणेचा ‘यॉल’ उसना घेतात. आणि शब्दाचा अर्थ वापरानें ठरतो, त्याच्या जन्मावरून ठरत नाहीं, असें म्हणणाऱ्या स्त्रियाही तेथें पुष्कळ आहेत. मला दोन्ही पक्षांचें म्हणणें समजतें. जो शब्द एका जळत्या बाहुल्यापासून मित्रापर्यंत आला, तो उद्यां दारांत एकट्या उभ्या असलेल्या बाईपर्यंतही जाईल, हें अशक्य नाहीं. परंतु तो अजून तेथवर पोंचलेला नाहीं, हें त्या न उठलेल्या हातांनीं सांगितलें.

घरीं येतांना मला आपल्या मराठीचा अभिमान वाटूं लागला होता. आपल्याकडे तूं आहे, तुम्ही आहे, आपण आहे. मुलगे आणि मुली एकत्र आलीं कीं त्यांचीं ‘मुलें’ होतात, आणि तीं ‘आले’ किंवा ‘आल्या’ असें न म्हणतां आपण ‘आलीं’ म्हणतों. नवरा-बायको आलीं, बहीण-भाऊ आलीं. पुरुषाच्या लिंगांत बाईला ओढावयाचें नाहीं आणि बाईच्या लिंगांत पुरुषाला ओढावयाचें नाहीं. दोघांनींही नपुंसकलिंगाच्या सामाईक ओसरीवर बसावें, अशी ही तोड आपल्या पूर्वजांनीं काढून ठेविली आहे. शिवाय ‘मंडळी’सारखा भारदस्त आणि प्रेमळ शब्द आहेच. व्याख्यानाच्या आरंभीं ‘मंडळी’ म्हटलें कीं सगळीं माणसें त्यांत बसतात. कोणाला अंग चोरावें लागत नाहीं.

पण ‘मंडळी’ या शब्दापाशीं आलों आणि माझा अभिमान जरा अडखळला. कारण हा शब्द मीं लहानपणीं प्रथम ऐकला तो सभेंत ऐकला नाहीं. माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकला. कोणी पाहुणा आला कीं आजोबा सांगत, ‘‘आमची मंडळी देवळांत गेली आहे,’’ किंवा ‘‘मंडळींना दोन दिवस बरें नाहीं.’’ मला वाटे, घरांतलीं पुष्कळ माणसें एकदम आजारी पडलीं कीं काय! ती ‘मंडळी’ म्हणजे माझी आजी होती. दुसऱ्या कोणाच्या घरीं तिला ‘कुटुंब’ म्हटलें असतें. त्या पिढीला पत्नीचें नांव चारचौघांत उच्चारणें अवघड वाटे, आणि आजीही आजोबांना ‘इकडून’ यापलीकडे कांहीं म्हणत नसे. त्यांत अनादर नव्हता. उलट, आजारपणांत आजोबा तिच्या उशाशीं रात्रभर बसलेले मीं पाहिले आहेत. तरीही हिशेब मांडला तर तो असा पडतो. ‘गाय’ हें एका माणसाचें नांव पसरत पसरत सगळ्यांचें झालें; ‘मंडळी’ हा सगळ्यांचा शब्द आवळत आवळत एका बाईवर येऊन बसला आणि त्याच्याखालीं तिचें नांव झांकलें गेलें. इंग्रजी शब्दांत बाई घोळक्यांत सांपडते, एकटी सांपडत नाहीं. आमच्या घरांत ती एकटी असे, आणि तिला घोळक्याचें नांव असे.

आणि इतरांना ठाऊक असलेलें तिचें तें नांवही मुळांत तिचें नव्हतें. तें लग्नाच्या दिवशीं ताम्हणांत तांदूळ पसरून आजोबांनीं अंगठीनें लिहिलेलें होतें. त्याआधीं चौदा वर्षें तिला दुसऱ्या कुठल्या तरी नांवानें कोणी हांक मारली असेल, परकरांत धांवतांना थांबविलें असेल, जेवावयास बोलाविलें असेल. माझ्या बालपणीं तें नांव आमच्या घरांत कोणी घेतलेलें मला आठवत नाहीं. ज्या माणसानें पार्लमेंट उडवून देण्याचा घाट घातला, त्याचें नांव चारशें वर्षें जगाच्या जिभेवर आहे. १९८२ पासून चालू झालेल्या एका इंग्रजी चित्रकथेनें आणि पुढें तिच्यावरून निघालेल्या चित्रपटानें त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा केला आणि देशोदेशींच्या निदर्शनांत तरुण तो लावून फिरले. साठ वर्षें एका घराच्या चुली पेटत्या ठेवणाऱ्या बाईचें नांव तिच्या नातवाला ठाऊक नसावें, ही कांहीं ‘गाय’ शब्दाची चूक नव्हे. परंतु त्या मुलीच्या प्रश्नानें मला याच घरीं आणून सोडलें.

‘गाइज’ म्हणूं नका, असें मी विद्यार्थ्यांना सांगत नाहीं. तें सांगून कोणी ऐकणार नाहीं. आणि मित्रांना हांक मारण्याच्या रीतींत प्राध्यापकांनीं नाक खुपसूं नये, असें माझें मत आहे. मी एवढेंच करतों कीं, वर्गांत हजेरी क्रमांकानें घेत नाहीं. शंभर-सवाशें नांवें एकेक करून वाचण्यांत सात-आठ मिनिटें जातात, आणि माझे सहकारी त्याबद्दल माझी थट्टा करतात. पण नांव घेतल्यावर मान वर करून ‘हजर’ म्हणणारा चेहरा आणि आंकडा ऐकून ‘हजर’ म्हणणारा चेहरा यांत मला नेहमीं फरक दिसत आला आहे.

आजी वारल्यावर आईनें माळ्यावरचीं भांडीं खालीं काढलीं, तेव्हां त्यांत तांब्याचा एक लहानसा गडू निघाला. आजीच्या माहेरचा होता. त्याच्या कांठाखालीं ठोकून घातलेलीं तीन अक्षरें होतीं. आईनें तीं वाचलीं आणि म्हणाली, ‘‘हें सासूबाईंचें लग्नाआधींचें नांव.’’ तो गडू आतां माझ्याकडे असतो. हवेनें तो काळा पडतो. मग चिंच लावून घांसावा लागतो, आणि घांसला कीं तीं तीन अक्षरें पुन्हां स्वच्छ वाचतां येतात.